गुन्हेगार सापडतो, पारितोषिक सापडत नाही

रात्रीचे दहा वाजलेले. ओटा पुसून, दुधाला विरजण लावून घरातली बाई ओले हात पदराला पुसत बाहेरच्या खोलीत येते. आजोबांनी खुर्ची आधीच पुढे ओढून घेतलेली असते. पडद्यावर एक प्रेत, चार संशयित आणि रेनकोटसारखा लांब कोट घातलेले एक साहेब. पहिली जाहिरात लागायच्या आत घरात पैजा लागतात. आजोबांचा संशय मॅनेजरवर, सूनबाईंचा बायकोवर, आणि धाकट्या नातवाचा, कारण नसताना, नोकरावर. अकरा वाजायच्या आत उलगडा होतो, गुन्हेगाराच्या गालावर एक सणसणीत थप्पड बसते, आणि घर झोपायला जाते.

एका पिढीने तरी हे दृश्य आपापल्या घरात अनुभवले आहे. 'सी.आय.डी.' ही मालिका सोनी वाहिनीवर २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली आणि २७ ऑक्टोबर २०१८ रोजी थांबली. मोजून १५४७ भाग. जी मुले पहिला भाग पाहताना आईच्या मांडीवर होती, ती शेवटच्या भागापर्यंत नोकरीला लागली. इतकी वर्षे एवढ्या घरांत पाहुणचार घेतलेल्या मालिकेच्या वाट्याला मानसन्मान किती आले? थरार किंवा रहस्य अशा एका वेगळ्या कप्प्यातली बक्षिसे मिळाली, लोकप्रियतेची मिळाली. पण 'वर्षातील सर्वोत्तम मालिका', 'सर्वोत्तम अभिनेता' अशी नावे पुकारली जाताना रंगमंचाकडे निघायचे ते बहुधा सासर-माहेरच्या कथांतले लोक. पोलीस खाते टाळ्या वाजवायला.

असे का व्हावे? आणि खरेच, या मालिकांची तेवढी योग्यता आहे का?

शंभर नंबरपासून सुरुवात

या कथेची मुळे मराठीत आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. 'सी.आय.डी.'चे कर्ते बी. पी. सिंग हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायालेखन शिकलेले. मुंबई दूरदर्शनवर त्यांनी वृत्तविभागाचा कॅमेरा सांभाळला. बातमीसाठी कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या माणसाला पोलीस, पंचनामे आणि घटनास्थळाची गर्दी काही नवी नसते. पुढे दूरदर्शनवर त्यांची 'एक शून्य शून्य' ही मराठी मालिका आली. पोलिसांना बोलावण्याचा तेव्हाचा दूरध्वनी क्रमांकच तिचे नाव झाला. मुंबई पोलिसांनी तपासलेल्या प्रकरणांवर बेतलेल्या त्या साध्यासुध्या मालिकेत पोलीस अधिकारी झाले होते शिवाजी साटम.

साटम हे गिरणगावच्या किंवा दादरच्या कुठल्याही बसथांब्यावर भेटावेत अशा चेहऱ्याचे गृहस्थ. बँकेत कॅशियरची नोकरी करीत त्यांनी रंगभूमीची हौस भागवली. 'वास्तव'मध्ये ते संजय दत्तचे हताश वडील होते. 'उत्तरायण' या मराठी चित्रपटात त्यांनी उतारवयातल्या सोबतीची गोष्ट इतक्या हळुवारपणे उभी केली, की ए.सी.पी. प्रद्युम्न तो हाच का, असा प्रश्न पडावा. 'उत्तरायण'ला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. मात्र रस्त्यात भेटणारा माणूस त्यांना आजही 'उत्तरायण'बद्दल विचारणार नाही. तो हवेत बोटे फिरवून दाखवील आणि म्हणेल, 'कुछ तो गड़बड़ है!'

हे थोडे अन्यायाचे आहे, आणि थोडे गौरवाचेही. हवेत बोटे फिरवण्याची एक लकब देशातल्या लहान पोरांच्या अंगवळणी पडावी, हे कुठल्या अभिनय-शिबिरात शिकवून साधत नाही.

सूनबाईंच्या पंगतीत पोलीस कुठे बसणार?

पारितोषिकांचे गणित नीट पाहिले म्हणजे पहिला खुलासा होतो. राष्ट्रीय पुरस्कार आहेत ते चित्रपटांचे. नाटकवाल्यांना संगीत नाटक अकादमी आहे. दूरचित्रवाणीच्या नशिबी आले ते वाहिन्यांचे आणि खासगी संस्थांचे सोहळे. इंडियन टेली अॅवॉर्ड्स आणि आयटीए अॅवॉर्ड्स हे दोन्ही सोहळे २००१ पासूनचे. त्यांत निदान सगळ्या वाहिन्या एका मांडवात येतात. पण वाहिन्यांचे स्वतःचे जे 'परिवार' सोहळे निघाले, त्यांतली बक्षिसेच वाचून पाहावीत. आवडती सून, आवडती सासू, आवडते जोडपे, आवडते कुटुंब! आता सांगा, इन्स्पेक्टर दयाला यांतले कोणते द्यायचे? त्याने दरवाजे शेकड्याने तोडले, पण तो कुणाची सून नाही.

हा विनोदाचा भाग सोडला तरी मुद्दा उरतोच. कौटुंबिक मालिकेत एकच नायिका वर्षभर रडते, सोसते, उभी राहते. तिचा आलेख परीक्षकांना दिसतो. गुन्हेमालिकेत पोलीस तोच राहतो, बदलतात ते मेलेले आणि मारणारे. ए.सी.पी.ला दर आठवड्याला कोरी पाटी घेऊन सुरुवात करावी लागते. त्यामुळे त्याच्या कामात 'काही विशेष घडत नाही' असे वाटते. खरे तर विसाव्या वर्षीही पहिल्याच दिवसासारखे प्रेताकडे वाकून पाहणे, हीच त्यातली मेहनत.

आणि लेखकांचे काय? सासू-सुनेची एक भांडाभांडी तीन आठवडे पुरवता येते. गुन्हेकथेला मात्र दर एक-दोन भागांनी नवे प्रेत, नवा हेतू, नवी दिशाभूल आणि पटेल असा उलगडा हवा. दीड हजार भागांचा हिशेब मांडला तर तो एखाद्या लहान वाचनालयाएवढा भरेल. या टाकसाळीतून बाहेर पडलेले लेखक पुढे हिंदी चित्रपटांत नावारूपाला आले. श्रीधर राघवन यांनी 'खाकी' लिहिला, रजत अरोरा यांनी 'वन्स अपॉन अ टाइम इन मुंबई' आणि 'द डर्टी पिक्चर'. वाहवा झाली ती तिथे. कसब कमावले ते इथे.

एकशे अकरा मिनिटे, एकदाही 'कट' नाही

एक पराक्रम तर स्वतंत्र सांगण्याजोगा आहे. ७ नोव्हेंबर २००४ रोजी 'सी.आय.डी.'चा 'द इन्हेरिटन्स' नावाचा भाग दाखवला गेला. १११ मिनिटांचा हा संपूर्ण भाग एकाच सलग शॉटमध्ये चित्रित केलेला होता. मध्ये कॅमेरा थांबला नाही, जोडकाम नाही. गिनीज आणि लिम्का या दोन्ही विक्रमपुस्तकांनी त्याची नोंद घेतली.

याचा अर्थ काय होतो, तो जरा डोळ्यांपुढे आणावा. शंभराव्या मिनिटाला कुणी संवाद विसरला, तर आधीची शंभर मिनिटे वाया. दिवे लावणारे, तारा ओढणारे, संवाद सांगणारे सगळे कॅमेऱ्याच्या पाठीमागे पाठीमागे पळणार, आणि कॅमेरा वळला की तेही वळणार. नाटकात निदान प्रेक्षक एका बाजूला बसलेला असतो. इथे तो चारी बाजूंनी फिरतो आहे. रंगभूमीवर वाढलेले नट हाताशी नसते, तर असले धाडस मनात आणणेही कठीण होते.

परदेशी दिग्दर्शकाने असे काही केले असते तर आपल्याकडे त्यावर परिसंवाद झाले असते. रविवारच्या पुरवण्यांत पानभर कौतुक आले असते. आपल्या मालिकेने केले, तेव्हा ते 'विक्रम' या सदरात गेले. जास्तीत जास्त इडल्या खाणाऱ्याच्या शेजारी.

रहस्यकथेचे जुने दुखणे

मराठी वाचकाला या दुजाभावाचे नवल वाटू नये. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. 'झुंजार' आणि 'काळा पहाड' यांच्यासाठी लोक वाचनालयाबाहेर ताटकळत उभे राहात. अनेकांना वाचनाची गोडीच मुळी अर्नाळकरांनी लावली, आणि पुढे मोठे वाचक झाल्यावर त्यांनीच ते पुस्तक गादीखाली लपवले. साहित्याच्या दरबारात रहस्यकथेला ओसरीपलीकडे प्रवेश मिळाला नाही. छोट्या पडद्याने हीच रीत पुढे चालवली, इतकेच.

अमेरिकेत काय चित्र आहे? तिथेही सगळे आलबेल नाही. 'लॉ अँड ऑर्डर' या मालिकेला १९९२ ते २००२ अशी सलग अकरा वर्षे एमी पारितोषिकासाठी सर्वोत्तम नाट्यमालिकेचे नामांकन होते, आणि १९९७ मध्ये ती जिंकलीही. तिचीच बहीण असलेली 'स्पेशल व्हिक्टिम्स युनिट' १९९९ पासून चालू आहे, भाग पाचशेच्या वर गेले, पण सर्वोत्तम मालिकेचे नामांकन तिला एकदाही नाही. तिची नायिका मारिस्का हार्गिटे हिला मात्र २००६ मध्ये अभिनयाची एमी मिळाली. त्याआधी 'कोलंबो'च्या चुरगळलेल्या कोटाने पीटर फॉकला चार एमी मिळवून दिल्या. म्हणजे वर्षानुवर्षे एकच पोलीस रंगवणाऱ्या नटाचा सन्मान करण्याची तिथे रीत आहे. तिथे नट आपल्या कामातला निवडक एक भाग परीक्षकांपुढे ठेवतो आणि निवाडा त्या भागावर होतो. गुन्हेमालिकेला हीच पद्धत न्याय देणारी आहे, कारण तिचा प्रत्येक भाग ही एक पूर्ण गोष्ट असते.

आपल्याकडेही न्याय झाला, पण तो लांबून, न्यूयॉर्कहून. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचार प्रकरणाच्या तपासावर बेतलेल्या 'दिल्ली क्राइम'ला २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय एमी मिळाली. सर्वोत्तम नाट्यमालिकेचा हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय मालिका. शेफाली शाह यांनी त्यात रंगवलेल्या पोलीस अधिकारी बाईंचे थकलेले डोळे विसरता येत नाहीत. गुन्हेकथा म्हणजे दुय्यम, ही समजूत त्या दिवशी खोटी ठरली. तरी एक फरक ध्यानात घ्यावा. 'दिल्ली क्राइम'च्या पहिल्या पर्वाचे भाग सात. सात भागांत जीव ओतणे वेगळे, आणि वीस वर्षे दर आठवड्याला चित्रीकरणाला उभे राहणे वेगळे. दोन्हींना एकाच तराजूत घालून दुसऱ्याला हलके ठरवणे बरोबर नाही.

पण सगळेच गोड नाही

कौतुक करताना डोळे मिटायचे कारण नाही. डॉक्टर साळुंखे यांच्या प्रयोगशाळेत नळीत दोन थेंब टाकले की रंग बदलतो आणि खुनी ठरतो. खऱ्या प्रयोगशाळेत अहवालासाठी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. संशयिताला थप्पड मारली की तो घडाघडा बोलतो. न्यायालय, वकील, जामीन यांचे दर्शन क्वचितच. 'अब तुम्हें फाँसी होगी' हे पोलिसानेच सांगून टाकायचे! लहान मुले हे पाहतात, आणि पोलिसाने मारणे हेच तपासाचे साधन आहे असा त्यांचा ग्रह होतो. परीक्षकांनी यावर बोट ठेवले तर ते चुकले असे म्हणता येणार नाही.

सत्यघटनांवरच्या मालिकांचा प्रश्न आणखी नाजूक. सोनीवरच २००३ मध्ये सुरू झालेल्या 'क्राइम पेट्रोल'ने पुष्कळ घरांना सावध केले. भाडेकरूची माहिती पोलिसांत द्यावी, ओळख नसलेल्याला दार उघडू नये, हे अनुप सोनी यांनी जेवढ्या घरांत पोहोचवले, तेवढे एखाद्या सरकारी जाहिरातीने क्वचितच पोहोचवले असेल. पण ज्या घरात खरोखर ते घडले, त्या घरच्यांना ते पुन्हा पडद्यावर पाहताना काय वाटत असेल? मराठीत झी वाहिनीवरची 'देवमाणूस' २०२० मध्ये आली, साताऱ्याकडच्या खऱ्या हत्याकांडाची आठवण करून देणारी. खुनी डॉक्टर झालेल्या किरण गायकवाड यांचे काम सरस होते. इतके, की प्रेक्षक खुन्याच्याच बाजूला झुकतो की काय, अशी धास्ती वाटावी.

तेव्हा सरसकट बक्षिसे वाटावीत असे कुणी म्हणणार नाही. केवळ टिकून राहिली म्हणून मालिकेला शाल-श्रीफळ देणे म्हणजे कचेरीतल्या निवृत्तीचा समारंभ. मागणी साधी आहे. कप्पा वेगळा नको, पंगत एकच असावी. उत्तम कथाभागाला, त्याच्या लेखकाला, आणि वर्षानुवर्षे तीच भूमिका ताजी ठेवणाऱ्या नटाला त्या पंगतीत पाट मिळावा. निवाडा मग कठोर झाला तरी चालेल.

यात सर्वांत जास्त वंचित राहतात ते बाजूचे लोक. दिनेश फडणीस यांनी वीस वर्षे इन्स्पेक्टर फ्रेडरिक्स रंगवला. भुताला भिणारा, बायकोच्या धाकातला, चुकीच्या वेळी चुकीचे बोलणारा. प्रेते, रक्त आणि विषाच्या बाटल्यांमध्ये घरातल्या लहान मुलांना भीती वाटू लागली, की हा माणूस येई आणि मुले हसत. चोवीस तास मृत्यूभोवती फिरणारी मालिका कुटुंबासह पाहता येत होती, याचे निम्मे श्रेय त्याचे. ५ डिसेंबर २०२३ रोजी मुंबईत ते वारले. वय ५७.

लोकांची माया मात्र पारितोषिकांची वाट पाहात नाही. २१ डिसेंबर २०२४ रोजी मालिका पुन्हा सुरू झाली. एप्रिल २०२५ मध्ये कथेत ए.सी.पी. प्रद्युम्न मारले गेले, आणि वाहिनीने त्यांच्या छायाचित्रासह श्रद्धांजली प्रसिद्ध केली. काल्पनिक माणसाला! प्रेक्षक असे काही खवळले, की काही आठवड्यांतच साटमसाहेब कोट चढवून कामावर हजर झाले. अभिजित आणि दयाही मधले मनोमालिन्य मिटवून पूर्वीसारखे शेजारी उभे राहिले. डॉक्टर साळुंखे नळ्यांपाशी होतेच. फक्त फ्रेडरिक्स नव्हता.