दाहक प्रथिने : कंबरदुखी आणि स्मृतिभ्रंश

वाकून खुरपणी, कापूस वेचणी, पोती उचलणे यामुळे कंबर धरते. वाळूजजवळ बजाजनगरात राहून कारखान्याची पाळी आणि गावची शेती सांभाळणाऱ्यांनाही हा त्रास होतो.

मणक्यांमधील चकतीला इजा झाली की तेथील पेशी टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ यांसारखी दाहक प्रथिने सोडतात. त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्या पेशी तेथे येतात. मात्र मज्जातंतू हळवे होऊन साध्या हालचालीनेही कळ येते. पिकाला पाणी लागतेच, पण ते साचून राहिल्यास मुळे कुजतात. दाहाचेही तसेच आहे.

अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात मेंदूतील संरक्षक पेशी अशीच प्रथिने दीर्घकाळ सोडत राहतात व चेतापेशींची हानी वाढते. कंबरदुखीतून स्मृतिभ्रंश होतो, असा मात्र याचा अर्थ नाही.

हळदीतील कुरकुमीन प्रयोगशाळेत ही प्रथिने कमी करते. परंतु खाल्ल्यावर ते रक्तात फारच थोडे उतरते. म्हणून हळद आहारात ठेवावी, तिला औषधाचा पर्याय समजू नये.

काय करावे?

१) साध्या कंबरदुखीत अंथरुणाला न खिळता झेपेल तेवढे चालावे.

२) ओझे अंगाजवळ धरून उचलावे; जड पोते दोघांनी उचलावे.

३) तंबाखू सोडावी, रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवावा.

४) पायातील ताकद जाणे, जांघेत बधिरता येणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

५) वडीलधारी माणसे नेहमीची वाट किंवा पैशांचा हिशेब विसरू लागल्यास ‘वय झाले’ म्हणून न सोडता डॉक्टरांना दाखवावे.