बंद घराचा पावसाळा

इगतपुरीजवळच्या एका उतारावर १०० चौरस मीटर छपराचं घर आहे असं समजू. इगतपुरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे चार महिन्यांत त्या एका छपरावर ३ लाख लिटर पाणी कोसळतं. वजनात मोजलं तर ३०० टन, टँकरमध्ये मोजलं तर दहा हजार लिटरचे ३० टँकर. आणि हे सगळं पाणी अंगावर घेत असताना त्या घराला बहुतेक वेळा कुलूप असतं, कारण मालक मुंबईत असतो, दुबईत असतो किंवा न्यू जर्सीत. त्या कुलपाच्या आत चार महिने काय काय घडतं, हे समजून घेतलं की गावाकडच्या सुट्टीच्या घराकडे बघण्याची नजर बदलते.

नाशिक जिल्ह्यात अशा घरांची परंपरा जुनी आहे. १८६५ साली थळ घाटातून, म्हणजे आजच्या कसारा घाटातून, ३७ फुटांना एक फूट अशा चढावर रेल्वे इगतपुरीला पोचली आणि मुंबईकरांना सह्याद्रीच्या माथ्यावरची हवा आवाक्यात आली. पुढे देवळालीत पारशी, गुजराती, खोजा, बोहरा कुटुंबांनी बंगले आणि सॅनिटोरियम बांधली. आज त्याच ओढीने इगतपुरी, घोटी, त्र्यंबकेश्वर आणि गंगापूर धरणाचा काठ या पट्ट्यात फार्महाऊस उभी राहतात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि मुंबईहून इथवरचा प्रवास आणखी सोपा झाला.

पण याच जिल्ह्यात घर बांधणाऱ्याला निसर्गाने एक विलक्षण कोडं घातलं आहे. इगतपुरीहून नाशिक शहर साधारण ४५ किलोमीटर. तिथे पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास. सिन्नरकडे गेलात तर त्याहूनही कमी. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीच्या भिंतीला अडते, वर चढते, थंड होते आणि आपलं बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच ओतून टाकते. पलीकडे उतरताना तीच हवा तापते आणि कोरडी होते. अशा रीतीने तासाभराच्या वाटेत पाऊस चतुर्थांशाहून कमी होतो.

जुन्या लोकांनी हे कोडं छपरातून सोडवलं होतं. जिल्ह्याच्या पूर्वेला धाब्याची घरं. सपाट माळवद, वर मातीचा जाड थर, उन्हाळ्यात आत गारवा. पश्चिमेला मात्र उतरती कौलं, खाली वाकलेली वळचण आणि कारवीच्या काठ्यांच्या कुडाला शेणमातीचा लेप. ही कारवी म्हणजे सात-आठ वर्षांतून एकदाच सारा डोंगर जांभळा करून फुलणारी आणि बी धरलं की मरून जाणारी वनस्पती. तिच्या सरळ, हलक्या काठ्या डोंगरातल्या माणसांनी भिंतीला वापरल्या. पावसाची झड भिंतीवर येऊ नये म्हणून बाहेरून गवताचे आणि पानांचे आडोसे बांधले. आजही इगतपुरीत सपाट स्लॅबचा बंगला बांधणारा माणूस सिन्नरचं उत्तर इगतपुरीच्या प्रश्नाला लावत असतो, आणि पहिल्याच जुलैत त्याला ते कळतं.

आता बंद दाराच्या आत जाऊ. घाटमाथ्यावर श्रावणात हवेतली सापेक्ष आर्द्रता दिवसचे दिवस ९० टक्क्यांच्या वर असते. बुरशीचे बीजाणू घरात कायमच असतात. गादीवर, पुस्तकांवर, कपाटामागच्या भिंतीवर ते महिनोन्‌महिने पडून राहतात. पृष्ठभागाजवळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली की त्यांना जाग येते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या पुढे गेला की ते कुजण्याचा धोका सुरू होतो. म्हणून कुलूप उघडल्यावर येणारा कुबट वास हा एका वाढत्या जंगलाचा वास असतो.

इथेच मला या विषयातलं सगळ्यात सुंदर गणित दिसतं. २४ अंश तापमानाची, ९५ टक्के आर्द्रतेची हवा घ्या आणि तिला फक्त चार अंश तापवा. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, पण गरम हवा जास्त बाष्प धरू शकते, म्हणून तिची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर येते. बुरशीच्या उंबरठ्याच्या खाली! चार अंश म्हणजे फार काही नाही. दिवसातून दोनदा पेटणारी एक चूल आपल्या भोवतीच्या हवेसाठी एवढं सहज करते. शिवाय तिचा धूर वर जाऊन वाशांवर, आढ्यावर काजळीचा पातळ थर चढवतो. त्या धुरातली रसायनं किडीला आणि बुरशीला मानवत नाहीत. चुलीच्या वर टांगलेली बियाण्याची कणसं वर्षभर टिकतात ती याच कारणाने. स्वयंपाक करणारी बाई रोज सकाळ-संध्याकाळ घराची डागडुजी करत होती आणि हे काम कुठल्याच हिशेबात धरलं जात नव्हतं.

भिंतींचंही तसंच. चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. उरलेली कळी पाण्यात विझवून भिंतीला लावली की तोच वायू ती हवेतून परत ओढून घेते आणि पुन्हा दगड होते. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की बुरशीला तिथे पाय रोवता येत नाही. त्यातून भिंतीतली ओल वाफ होऊन बाहेर पडू शकते. जमिनीतलं पाणी विटेच्या आणि मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढतच असतं, कधी मीटरभर उंचीपर्यंत. चुन्याच्या भिंतीत ते सुकून जातं. त्याच जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि वर चकचकीत ऑईलपेंट दिला की पाण्याची वाट बंद होते. मग लोणा फुटतो, पोपडे सुटतात आणि मालक पुन्हा तोच रंग देतो.

वाळवीची गोष्ट तर थक्क करणारी आहे. आपल्याकडच्या ओडोंटोटर्मिस जातीच्या वाळव्या शेतकरी आहेत. तुमच्या दाराची चौकट त्या कुरतडतात, वारुळात नेतात आणि त्या अर्धवट पचलेल्या लाकडावर एका खास बुरशीची बाग लावतात. लाकडातला न पचणारा भाग बुरशी पचनाजोगा करते आणि वाळव्यांना पोसते. ही भागीदारी सुमारे ३ कोटी वर्षांची आहे, म्हणजे माणसाच्या शेतीच्या कितीतरी आधीची. आणि पावसाळ्यात वारुळावर उगवणारी जी अळंबी या भागातले लोक हौसेने खुडून आणतात, ती याच बागेची फळं. दाराची चौकट आणि ताटातली अळंबी एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत. वाळवीला उजेड आणि कोरडी हवा सोसत नाही, म्हणून ती मातीच्या नळीतून चालते. वावरत्या घरात ती नळी दुसऱ्या दिवशी केरसुणीने मोडली जाते. बंद घरात तिला चार महिने कोणी हात लावत नाही. रोज झाडणं हा वाळवीवरचा पहिला इलाज आहे तो यामुळे.

याखेरीज पाखरांच्या विष्ठेतून आलेलं पिंपळाचं बी असतंच. भिंतीच्या फटीत ते रुजतं. पावसात रोप कोवळं असताना मुळासकट उपटलं तर सुटका, नुसतं छाटलं तर पुढच्या वर्षी ते दुप्पट जोमाने येतं.

आणि खाली जमीन. दख्खनचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो झिजून झालेली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट पाया घातलेलं घर दरवर्षी थोडं उचललं जातं, थोडं बसतं आणि भिंतींना तिरक्या चिरा पडतात. म्हणून आपल्या गावांनी काळी शेतीला ठेवली आणि पांढरी वस्तीला. ती पांढरी पुष्कळ अंशी घरांचीच बनलेली असते. पडलेल्या मातीच्या भिंती, चुलीतली राख, त्यावर नवी भिंत, असं शतकानुशतकं. नाशिकला गोदाकाठची मातीची गढी अशीच साठलेली. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण युगापर्यंतच्या वस्तीचे थर एकाखाली एक मिळाले. तीन हजारांहून जास्त वर्षांत माणसं पुन्हा पुन्हा त्याच जागी राहिली आणि पडलेल्या घरावर पुन्हा घर बांधत गेली. घराची ओढ मातीकडे असते. त्याला उभं ठेवते ती त्यातली वस्ती.

परदेशात राहणाऱ्यांसाठी कायद्याचं थोडं. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याचं कलम ६३ ते सांगतं. अनिवासी भारतीयाला तर शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेण्याची मुभाच नाही, मात्र वडिलोपार्जित वारसा घेता येतो आणि बिगरशेती जागेवरचं घरही घेता येतं. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि घरपट्टीची पावती दरवर्षी बघावी. शेतातलं असेल तर सातबारा आणि वारसाची फेरफार नोंद. कागदालाही वाळवी लागते आणि ती शोधायला सात समुद्रापलीकडून यावं लागतं.

मग दूर राहून घर टिकवायचं कसं? मे महिन्यात शाकारणी. फुटकी कौलं बदलणं, पन्हाळीतला पाला काढणं, आढ्याची फट बुजवणं. पावसाळ्यात संततधार चालू असताना खिडक्या उघडून उपयोग नाही, ओली हवाच आत येते. उघडीप पडली की मात्र सगळी दारं उघडायची. फर्निचर भिंतीपासून वीतभर दूर, गाद्या उभ्या, कपाटं किलकिली. पंधरवड्यातून एकदा तरी आत विस्तव किंवा दिवा पेटलेला असावा. गणपती-नवरात्रात घर झाडून निघावं आणि ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात ते तळापासून वाळवून घ्यावं. छपरावरच्या त्या ३ लाख लिटरांतलं काही टाकीत धरावं, कारण इतक्या पावसाच्या इगतपुरी-त्र्यंबकच्या पाड्यांवरही उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. बेसाल्टचा कठीण खडक पाणी फारसं साठवत नाही, ते उताराने निघून जातं.

ही सगळी कामं मालक करत नाही, करूही शकत नाही. ती करतं शेजारच्या पाड्यावरचं राखणदाराचं कुटुंब, बहुतेकदा महादेव कोळी किंवा ठाकर. शाकारणी कधी, कुठली नळी वाळवीची आणि कुठली कुंभारीण माशीची, कुठल्या कोपऱ्यात पाणी मुरतं, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांना बऱ्याच ठिकाणी पाहुणे येतात त्या दिवसांचेच पैसे मिळतात. हे अन्यायाचं आहे आणि घराच्या दृष्टीने चुकीचंही, कारण घराला माणसाची खरी गरज असते ती मालक नसताना.

तेव्हा या भागात घर घ्यायचं मनात असेल तर जागा डिसेंबरच्या गुलाबी थंडीत बघू नका. जुलैच्या झडीत बघा, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते उभं राहून पाहा. घर बांधण्याआधी ते वर्षभर कोण उघडेल हे ठरवा आणि त्या माणसाला बारा महिन्यांचा पगार द्या. तेवढी तयारी नसेल तर घर घेऊ नका. चार दिवस गावातल्याच कोणाच्या घरी पाहुणे म्हणून राहा. त्या घराची चूल पेटलेली असते.