एकशेवीसवर येईपर्यंत थांब

पहाटे साडेपाचला जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठी पुरतं उजाडलेलं नसतं, पण मनगटं लुकलुकत असतात. कुणाच्या घड्याळाखालून हिरवा उजेड सांडतो. कुणाचं घड्याळ थरथरतं आणि चांगला वेगात पळणारा माणूस एकदम चालायला लागतो. फिरायला आलेले काका कळवळून विचारतात, "काय व्हयनं भाऊ, थकी गया का?" तो थकलेला नसतो. घड्याळानं त्याला थांबायला सांगितलेलं असतं, आणि हे थांबणं त्यानं स्वतःच आदल्या रात्री घड्याळात भरून ठेवलेलं असतं.

आमच्यातल्या बहुतेकांनी घड्याळ घेतलं ते हिशेबासाठी. किती किलोमीटर, किती पावलं, किती कॅलरी. फोटो ग्रुपवर टाकला की घड्याळाचं काम संपलं. दिवाणजी ठेवावा आणि त्याच्याकडून नुसती रोजकीर्द लिहून घ्यावी, तसला हा प्रकार. उद्या काय करायचं ते त्याला आजच सांगून ठेवता येतं, इकडे फारसं कुणी वळत नाही.

मोबाइलच्या ॲपमध्ये वर्कआउटचे टप्पे बांधायचे. माझा मंगळवारचा असा असतो: दहा मिनिटं वॉर्मअप, मग चारशे मीटर जोरात, मग विश्रांती, असं सहा वेळा, शेवटी दहा मिनिटं कूल डाउन. प्रत्येक टप्पा कधी संपवायचा ते आपण ठरवतो. ठरावीक वेळ झाली की, ठरावीक अंतर झालं की किंवा आपण लॅपचं बटण दाबलं की. टप्प्याला पेसची किंवा हृदयाच्या ठोक्यांची मर्यादा घालता येते. तिच्या वर-खाली गेलं की घड्याळ मनगट हलवतं. काही घड्याळांत विश्रांतीचा टप्पा ठोक्यांवरही संपवता येतो. ठोके एकशेवीसवर आले की पुढचा चारशे सुरू.

हा एकशेवीसचा आकडा घड्याळाहून जुना आहे. १९३०च्या दशकात जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर हा प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल हा हृदयतज्ज्ञ मिळून धावपटूंच्या नाड्या मोजत बसायचे. ठोके एकशेऐंशीच्या आसपास जाईपर्यंत पळवायचं आणि एकशेवीसवर उतरेपर्यंत थांबवायचं. दीड मिनिटात उतरले नाहीत, तर पळणं जास्त झालं असं समजायचं. हृदय तयार होतं ते या थांबण्याच्या वेळात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचा शिष्य रुडोल्फ हार्बिग १९३९ साली मिलानला आठशे मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावला. तो विक्रम १९५५पर्यंत टिकला. बिनतारी हृदयठोके मोजणारं यंत्र फिनलंडच्या पोलार कंपनीनं बाजारात आणलं ते १९८२ साली. तोवर बोटं आणि सेकंदकाटा.

आता खान्देशाकडे येऊ, कारण तयार प्लॅन इथंच फसतात. ॲपमध्ये मिळणारे आराखडे बहुतेक थंड मुलखातल्या माणसांनी केलेले. ते सांगतात, लाँग रन अमुक पेसनं करा. जानेवारीत, जळगावात पारा दहाच्या आसपास असताना, हे जमतं. मेमध्ये दुपारी पंचेचाळीस गाठणारं गाव पहाटेही तापलेलंच असतं. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामानं रक्तातलं पाणी कमी होतं, प्रत्येक ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं, मग हृदय ठोके वाढवून ती भर काढतं. किलोमीटरला साडेसहा मिनिटं या माझ्या नेहमीच्या पेसला जानेवारीत ठोके १४५ असतात, मेमध्ये १६०. पाय तेच, रस्ता तोच. म्हणून होळीनंतर मी लाँग रनमधून पेसची मर्यादा काढून टाकतो आणि ठोक्यांची घालतो. पेस पडतो, ग्रुपवर टाकायला लाज वाटते, पण डिसेंबरातल्या 'खान्देश रन'ला पाय शाबूत असतात. धुळ्याकडचे लळिंगच्या चढावर सराव करतात, त्यांनाही हाच नियम. चढावर पेस बघत पळणारा वर पोचण्याआधीच संपतो.

मात्र चारशे मीटरच्या टप्प्याला ठोक्यांची मर्यादा घालू नये. ठोके वर चढायला वेळ घेतात. घड्याळाला ते कळेपर्यंत टप्पा निम्मा झालेला असतो. तिथं सेकंदच खरे. आणि घड्याळ आपोआप जे झोन ठरवतं ते बहुधा २२० वजा वय या सूत्रावरून. साठीच्या माणसाला ते कमाल १६० ठोके देतं. २००१ साली तानाका आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या सूत्रानं तेच १६६ येतात. दोन्ही सरासऱ्या. माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, तेव्हा स्वतःचा आकडा हाती आला की तो घड्याळात भरावा.

धुळ्याच्या मैदानांवर वेगळीच घाई असते. पोलीस भरतीची पोरं 'सोळाशे' काढत असतात. पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत आलं तर वीसपैकी वीस गुण. चारशेच्या मैदानावर चार फेऱ्या, म्हणजे फेरीला साडेसत्याहत्तर सेकंद. पोरं पहिली फेरी सत्तरच्या आत मारतात आणि चौथीत पाय ओढतात. यांना फेरी सत्याहत्तरची म्हणजे केवढी, हे अंगात मुरवायचं असतं. इथं जीपीएसवर विसंबू नये. वळणं घेताना ते फेरीमागे काही मीटर इकडंतिकडं करतं, आणि वीस गुणांच्या हिशेबात तेवढे मीटर महाग पडतात. मैदान टेपानं मोजावं, चुन्याची रेघ मारावी, रेघेवर लॅपचं बटण दाबावं. खरं तर एवढ्यासाठी साधं स्टॉपवॉचही पुरतं.

एक गोष्ट ॲपवाल्यांनी खान्देशात येऊन बघावी. आमच्या ग्रुपमधल्या एका मावशींच्या मनगटावर लहानपणीचं गोंदण आहे. लेकीनं हौसेनं घड्याळ घेऊन दिलं, तर ठोके कधी दिसतात, कधी गायब. तो हिरवा उजेड कातडीखालच्या रक्तावरून परततो आणि त्यावरून घड्याळ ठोके मोजतं. गोंदणाची शाई उजेड मध्येच पिऊन टाकते. घड्याळ हाडापासून दोन बोटं वर सरकवून पाहिलं, तिथंही नक्षी होतीच. शेवटी छातीचा पट्टा आणला. तो हृदयाची विजेची हालचाल टिपतो, त्याला गोंदणाचं वावडं नाही.

मागच्या मेमधला एक मंगळवार. चौथा चारशे मारला आणि मी तलावाच्या काठावर एकशेवीसची वाट पाहत उभा राहिलो. १५२, १४६, १३९. दीड मिनिट झालं. १३४वर आकडा अडकला तो हलेना. गेर्शलरनं मला तिथंच घरी पाठवलं असतं. तीन मिनिटांनीही १३१. दोन चारशे बाकी होते, घड्याळ ते विसरत नाही, स्क्रीनवर '५/६' दाखवत तिष्ठत होतं. काका दुसरी फेरी मारून आले. "आज खरंच थकी गया का भाऊ?" हो म्हणालो, आणि कूल डाउन त्यांच्यासोबत घरापर्यंत चालत पुरं केलं.