थंड इंजिनाचा कर्कश आवाज

थंड इंजिनाचा कर्कश आवाज म्हणजे रात्रभर उभी असलेली मोटारगाडी सकाळी चालू करताच इंजिनाच्या पुढील भागातून येणारा उंच पट्टीतील ‘चीं’ असा आवाज होय. तो बहुधा काही सेकंद ते दोन-तीन मिनिटे टिकतो आणि इंजिन तापू लागले की थांबतो. बहुतेक वेळा त्याचे मूळ इंजिनाच्या आत नसते. ते अल्टरनेटर, पाण्याचा पंप इत्यादी उपकरणे फिरवणाऱ्या रबरी बेल्टमध्ये किंवा त्या बेल्टच्या मार्गातील एखाद्या बेअरिंगमध्ये असते. आवाज आपोआप थांबत असल्यामुळे त्याकडे दुर्लक्ष होते. परंतु आवाज थांबला म्हणजे दोष नाहीसा झाला असे नव्हे. हा बेल्ट तुटल्यास बॅटरीचे चार्जिंग आणि पुष्कळ गाड्यांत इंजिनाचे शीतकरण एकाच वेळी बंद पडते.

बेल्ट व त्याचे कार्य

इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या पुढील टोकावर एक पुली बसवलेली असते. तिच्यावरून जाणारा बेल्ट अल्टरनेटर, पाण्याचा पंप, वातानुकूलन यंत्रणेचा कॉम्प्रेसर आणि हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगचा पंप यांपैकी काही किंवा सर्व उपकरणांना गती देतो. अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी यांसारख्या जुन्या गाड्यांत रेडिएटरमागील पंखाही याच बेल्टने फिरत असे. त्यावरून त्यास ‘फॅन बेल्ट’ म्हणू लागले. आता मोटारगाड्यांतील पंखा बहुधा विजेवर चालतो, तरी गॅरेजमध्ये हेच नाव रूढ आहे.

या बेल्टचे दोन मुख्य प्रकार आहेत. व्ही-बेल्टचा छेद पाचरीसारखा असतो आणि तो पुलीच्या खाचेच्या दोन्ही उतरत्या बाजूंना घट्ट बसतो. दुसरा प्रकार चपटा असून त्याच्या एका बाजूस लांबीच्या दिशेने अनेक बारीक कंगोरे असतात. अलीकडील गाड्यांत असा एकच लांब बेल्ट सर्व पुलींभोवती नागमोडी फिरवलेला असतो आणि स्प्रिंग असलेला टेन्शनर त्याचा ताण कायम राखतो. अशा बेल्टवर ‘६पीके१०७०’ यासारखा क्रमांक छापलेला असतो. त्याचा अर्थ ६ कंगोरे आणि १,०७० मिलिमीटर परिणामी लांबी असा होतो. इंजिनाच्या झडपांची वेळ साधणारा दातेरी टायमिंग बेल्ट याहून वेगळा आहे. त्याचे दाते पुलीच्या दात्यांत अडकत असल्याने तो या रीतीने घसरत नाही.

आवाज कसा निर्माण होतो

बेल्ट आणि पुली एकाच वेगाने सरकत असतील तर आवाज होत नाही. पुली फिरवण्यास लागणारा जोर घर्षणाच्या मर्यादेपेक्षा अधिक झाला, की बेल्ट क्षणभर घसरतो, पुन्हा पकड घेतो आणि पुन्हा घसरतो. ही अडकण्या-घसरण्याची क्रिया एका सेकंदात शेकडो वेळा घडते. तिच्यामुळे बेल्टला कंप सुटतो आणि तोच कर्कश आवाजाच्या रूपाने ऐकू येतो.

बेल्टची पकड ताण, घर्षणांक आणि पुलीभोवती पडलेल्या वेढ्याचा कोन या तीन गोष्टींवर अवलंबून असते. बेल्टच्या ताठ व सैल बाजूंच्या ताणांचे गुणोत्तर किती वाढू शकते हे ऑयलर-आयटेलवाइन सूत्राने काढता येते. घर्षणांक ०.५ धरल्यास १८० अंशांच्या वेढ्यात हे गुणोत्तर सुमारे ४.८ पर्यंत जाऊ शकते, तर १२० अंशांच्या वेढ्यात सुमारे २.८ पर्यंतच. अल्टरनेटरची पुली लहान असते व ती क्रँकशाफ्टच्या साधारणतः दोन ते तीन पट वेगाने फिरते. तिच्याशी बेल्टचा संपर्क थोड्याच लांबीत होतो आणि भार मात्र मोठा असतो. त्यामुळे बेल्ट बहुधा तेथेच प्रथम घसरतो.

थंड असतानाच का

सकाळी इंजिन चालू करताना अनेक प्रतिकूल गोष्टी एकत्र येतात. स्टार्टरने बॅटरीतील बरीच ऊर्जा खर्च केलेली असते. ती भरून काढण्यासाठी अल्टरनेटर लगेच जास्तीत जास्त वीज निर्माण करू लागतो आणि त्यास फिरवणे जड जाते. थंड रबर ताठर असते व पुलीला नीट बिलगत नाही. बेल्टवर दव किंवा दमटपणा साचलेला असतो. पॉवर स्टिअरिंगचे तेल आणि बेअरिंगमधील ग्रीस थंडीने घट्ट झालेले असते. त्यातच थंड इंजिनाचा निष्क्रिय वेग नेहमीपेक्षा अधिक ठेवलेला असतो.

काही मिनिटांत बॅटरी सावरते, रबर तापते, ओलावा उडून जातो आणि आवाज बंद होतो. निरोगी बेल्ट ही सर्व परिस्थिती निमूटपणे पेलतो. ढिला किंवा झिजलेला बेल्ट मात्र ओरडतो. कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात थंडी नसतानाही असा आवाज येतो, त्याचे कारण ओलावा हेच होय.

निदान

निदानाचा क्रम सोप्या निरीक्षणाकडून अवघड तपासणीकडे जाणारा असावा.

आवाजाचे स्वरूप: सलग आणि इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी किंकाळी बेल्ट घसरत असल्याचे सुचवते. चिमणीच्या चिवचिवाटासारखा, ठरावीक अंतराने येणारा तुटक आवाज बहुधा पुली एका रेषेत नसल्यामुळे होतो. खरखर किंवा गुरगुर ही बेअरिंग खराब झाल्याची खूण असते.

भार बदलणे: इंजिन चालू ठेवून दिवे, मागील काचेचा हीटर व पंख्याचा झोत सुरू करावा. आवाज वाढल्यास अल्टरनेटरकडे संशय जातो. हायड्रॉलिक स्टिअरिंग एका बाजूस पूर्ण वळवताच आवाज वाढला तर त्याचा पंप, आणि एसी लावताच वाढला तर कॉम्प्रेसर तपासावा.

प्रत्यक्ष पाहणी: इंजिन बंद करून व किल्ली काढून बेल्ट पाहावा. चकाकी आलेला पृष्ठभाग, भेगा, सुटलेले धागे, तेलाचे किंवा कूलंटचे डाग या दोषाच्या खुणा आहेत. जुने निओप्रीनचे बेल्ट झिजताना भेगाळत. सध्याचे ईपीडीएम रबराचे बेल्ट भेगा न पडताही झिजतात आणि त्यांच्या खाचा रुंद होत जातात. म्हणून केवळ भेगा नाहीत यावरून बेल्ट चांगला ठरत नाही. व्ही-बेल्ट दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यास तो किती दबावा हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. पुष्कळ गाड्यांत ते १० मिलिमीटरच्या आसपास असते.

पाण्याची चाचणी: चालू इंजिनाच्या बेल्टच्या आतील बाजूवर सुरक्षित अंतरावरून थोडे स्वच्छ पाणी फवारतात. आवाज एकदम वाढला तर ताण अपुरा आहे, कारण पाण्याने उरलीसुरली पकडही कमी होते. चिवचिवाट क्षणभर थांबून परत आला तर पुलींची रेषा चुकलेली असते. काहीच फरक न पडल्यास बेअरिंगकडे वळावे.

बेल्ट काढून तपासणी: बेल्टचा मार्ग कागदावर रेखाटून मगच तो काढावा. त्यानंतर प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहतात. खडबडीत फिरणारी, हलणारी किंवा कोरडा आवाज करणारी पुली सदोष असते. टेन्शनर आणि आयडलर यांच्या पुलीही वगळू नयेत. बेल्टविना इंजिन क्षणभर चालवून आवाज गेला का हे पाहता येते. परंतु पाण्याचा पंप थांबलेला असल्याने हा काळ एका मिनिटाच्या आतच असावा.

तपासणी करताना ओढणी, पदर, सैल बाह्या, लांब केस व दागिने फिरत्या भागांपासून दूर ठेवणे अत्यावश्यक आहे. इंजिन बंद असतानाही विजेचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो.

इतर आवाजांशी गल्लत

गाडी हलू लागल्यावरच येणारा आवाज ब्रेकचा असू शकतो. रात्रीच्या दमटपणामुळे डिस्कवर चढलेला गंजाचा पातळ थर पहिल्या काही ब्रेकांनंतर निघून जातो. क्लचचे पेडल दाबताच सुरू होणारा किंवा बदलणारा आवाज क्लचच्या रिलीज बेअरिंगचा असतो. केवळ किल्ली फिरवतानाच ऐकू येणारी खरड स्टार्टरची असते.

उपाय

ढिल्या व्ही-बेल्टचा ताण नेमका करणे पुरेसे ठरू शकते. चकाकलेला, झिजलेला किंवा तेलाने भिजलेला बेल्ट बदलावा लागतो. मात्र गळती आधी न थांबवल्यास नवा बेल्टही लवकरच ओरडू लागतो. स्वयंचलित टेन्शनरची स्प्रिंग मंद झाली असेल तर केवळ बेल्ट बदलून उपयोग होत नाही. बेल्टवर मेण, साबण किंवा फवारा मारल्याने आवाज तात्पुरता थांबतो, परंतु त्या थरावर धूळ चिकटते आणि मूळ दोष झाकला जातो. बेल्ट गरजेपेक्षा अधिक आवळणेही हानिकारक आहे, कारण त्यामुळे अल्टरनेटर व पाण्याचा पंप यांच्या बेअरिंगवर अतिरिक्त भार येऊन ती अकाली खराब होतात.

दुर्लक्षाचे परिणाम

घसरणाऱ्या बेल्टमुळे घर्षणाची उष्णता वाढते, रबर आणखी कडक व गुळगुळीत होते आणि घसरण अधिकच वाढते. अल्टरनेटर पुरेसा न फिरल्याने बॅटरी अर्धवट भरलेली राहते. परिणामी दुसऱ्या दिवशी अल्टरनेटरवर अधिक भार येतो आणि बेल्ट पुन्हा ओरडतो. अशा प्रकारे दोष स्वतःच स्वतःला वाढवतो. एखादे बेअरिंग पूर्ण जाम झाल्यास बेल्ट जळून तुटतो. त्या वेळी चार्जिंगचा लाल दिवा लागतो, हायड्रॉलिक स्टिअरिंग एकाएकी जड होते आणि पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असल्यास तापमानाचा काटा झपाट्याने चढू लागतो. अशा स्थितीत गाडी तशीच पुढे नेल्यास हेड गॅस्केट जळण्याचा किंवा सिलिंडर हेड वाकण्याचा धोका असतो. म्हणून गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन त्वरित बंद करणे हाच योग्य मार्ग होय.