लाकडी यो-यो बिघडलेला नसतो

शिर्डीत समाधी मंदिरातून दर्शन घेऊन बाहेर पडलं, की पेढे, हार, शाली आणि साईबाबांच्या तसबिरींच्या जोडीनं खेळण्यांची दुकानं लागतात. रांगेत शहाण्यासारखं उभं राहिलेल्या मुलाला तिथं काहीतरी घेऊन द्यावंच लागतं. प्लॅस्टिकच्या बंदुका आणि दिवे लागणाऱ्या भिंगऱ्यांच्या गर्दीत कधी रंगवलेला लाकडी यो-यो हाती लागला, तर आईवडील खूश होतात. लाकडाचा आहे, टिकेल. संध्याकाळी मुक्कामावर मूल म्हणतं, "बाबा, हा वरच येत नाही." बाबाही दोनदा आपटून बघतात आणि यो-यो पिशवीच्या तळाशी जातो. बहुतेक वेळा त्या यो-योत काहीही बिघाड नसतो. त्याच्याबद्दलच्या समजुती मात्र दुरुस्त कराव्या लागतात.

"दोरी दांडीला घट्ट बांधलेलीच हवी"

सगळ्यात मोठा घोळ इथं आहे. साधा लाकडी यो-यो म्हणजे दोन चकत्या आणि त्यांना जोडणारी मधली दांडी. बेअरिंग वगैरे काही नाही. दांडी चकत्यांबरोबरच फिरते. दोरी या दांडीला गाठ मारून बांधली, तर यो-यो खाली जातो, दोरी संपते आणि तो तसाच उलटा गुंडाळत वर येतो. खाली थांबणं त्याला शक्यच नसतं. खालीवर, खालीवर, एवढाच खेळ. युरोपात जुन्या काळी तो असाच खेळला जाई.

1928 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथं पेद्रो फ्लोरेस या फिलिपिन्सहून आलेल्या माणसानं यो-योचा कारखाना काढला. त्याच्या यो-योत दोरी बांधलेली नव्हती, दांडीभोवती नुसती सैल फासात अडकवलेली होती. फरक दिसायला किरकोळ, पण खेळ त्यानं पार बदलला. खाली गेलेला यो-यो आता त्या फासात जागच्या जागी गरगरत राहू लागला. खेळाडू म्हणतात, यो-यो झोपला. मनगटानं हलका झटका दिला की दोरी क्षणभर ढिली पडते, दांडीला पकडते आणि यो-यो उठून हातात येतो. दोरीचा त्रिकोण करून त्यात यो-योला पाळण्यासारखं झुलवणं किंवा त्याला जमिनीवरून चालवत नेणं, या साऱ्या करामती त्या झोपेच्या काही सेकंदांत उरकायच्या असतात.

एप्रिल 1985 मध्ये अमेरिकेच्या 'डिस्कव्हरी' यानातून काही खेळणी अंतराळात नेली होती. त्यात यो-यो होता. तो छान पुढे जाई आणि परत येई, पण काही केल्या झोपेना. दोरी ताणून धरायला खाली ओढणारं वजनच तिथं नव्हतं. पृथ्वीवर आपण ज्याला यो-योची झोप म्हणतो, ती अशी ताणलेल्या दोरीवर आणि सैल फासावर तोललेली असते.

तेव्हा दुकानातच एक करून बघायचं. दोरी सगळी उलगडून यो-यो लोंबकळत ठेवा आणि चकत्या हातानं फिरवा. दांडी फासात मोकळी फिरली तर उत्तम. दोरी लगेच गुंडाळायला लागली, तर ती बांधलेली किंवा चिकटवलेली आहे. असा यो-यो टाकून द्यायचं कारण नाही. दोरी कापून नवी घालता येते. ती कशी, ते शेवटी येईलच.

"वर येत नाही, म्हणजे खराब निघाला"

दोरीला पीळ असतो आणि खेळता खेळता तो कमीजास्त होतो. पीळ फार वाढला, तर फास दांडीला आवळून धरतो आणि यो-यो झोपायच्या आतच परततो. पीळ उतरला, तर तो झोपतो पण हाक मारून उठत नाही. मुलाची तक्रार बहुधा या दुसऱ्या प्रकारातली असते. उपाय सोपा आहे. दोरीचं वरचं टोक चिमटीत धरून यो-यो आडवा लोंबकळवायचा आणि भोवरा फिरवावा तसा गिरकी देऊन पीळ चढवायचा. एका दिशेनं सैल झाला, तर दुसऱ्या दिशेनं. याउलट, पीळ जास्त झाला असेल, तर यो-यो हातात धरून दोरीचं टोक मोकळं सोडा, ती स्वतःच उलगडते.

टाकण्याची पद्धतही पाहावी. नवशिका हात सरळ खाली आपटतो. यो-यो तळहातात असा धरायचा की दोरी बोटावरून पुढच्या बाजूला उतरेल. तळहात वर, कोपर वाकवलेला, आणि टाकताना यो-यो बोटांवरून पुढे घरंगळत सुटला पाहिजे. सुटला की तळहात खाली वळवायचा. जोर मनगटाचा, खांद्याचा नाही. ज्यांनी भोवरा हवेतच तळहातावर झेलायची हातजाळी केली आहे, त्यांना हे सांगावं लागत नाही.

"तेल घातलं की जास्त फिरतो"

नका घालू. नवी लाकडी दांडी थोडी खरखरीत असते आणि दोरीला धरते. खेळून खेळून दोरीच तिला घासून गुळगुळीत करते. तेलानं दोरीत धूळ चिकटते, आणि परत येण्यासाठी जे घर्षण लागतं तेच बिघडतं. तेल घालू पाहणाऱ्यांना बेअरिंगची सवय असते, म्हणून ते तेलाची बाटली उचलतात.

हवेचा परिणाम मात्र खरा आहे. शिर्डीचा सगळा परिसर पर्जन्यछायेतला, हवा कोरडी. तोच यो-यो आषाढात रत्नागिरीला नेला की लाकूड आणि सुती दोरी दोन्ही ओलावा धरतात, चकत्यांमधली फट अरुंद वाटू लागते आणि यो-यो झोपायचं नाव घेत नाही. दोन दिवस कोरड्या जागी ठेवून पातळ दोरी घातली की पुन्हा ठीक.

"सागवानी आहे, जड आहे, म्हणजे चांगला"

बाजारात कुठलंही लाकूड सागवानीच असतं, हे गृहीत धरून चालावं. पण खराच सागवानी असला, तरी यो-योसाठी ते लाकूड पहिल्या पसंतीचं नाही. सागाच्या वाढीच्या वलयांत पोत एकसारखा नसतो, त्यामुळे एका बाजूला किंचित जास्त भार येऊ शकतो. दारं-खिडक्यांना त्यानं काही बिघडत नाही, फिरत्या वस्तूला बिघडतं. कातारी एकसारख्या बारीक पोताचं लाकूड शोधतो. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेची खेळणी ज्यापासून होतात तो काळा कुडा किंवा आपल्याकडचा हळदू कातकामाला अशा कारणांनी आवडतो. अमेरिकेत यो-यो बनवणाऱ्या डंकन कंपनीनं 1946 मध्ये कारखाना विस्कॉन्सिनमधल्या लक या गावी नेला, तो तिथल्या मेपलच्या लाकडासाठी.

वजनाचंही तसंच. नुसतं जड असून भागत नाही, वजन कडेला हवं. कडेला वस्तुमान जास्त, तर फिरणं जास्त वेळ टिकतं. हे ओळखून हेवन आणि हेट्रिक या ओहायोतल्या दोघांनी 1866 मध्येच कड जड केलेल्या यो-योचं पेटंट घेतलं होतं. पन्नास ते पासष्ट ग्रॅम वजन हाताला पुरे.

संतुलन तपासायला दुकानाचं काचेचं काउंटर पुरतं. यो-यो त्यावर घरंगळत सोडा. सरळ गेला तर घ्या, एका बाजूला वळत गेला तर ठेवून द्या. दांडी सहा ते आठ मिलिमीटर जाड आणि फट दोरी दोनपदरी सहज जाईल एवढी असावी. दांडी जितकी जाड, तितका यो-यो लवकर परततो आणि कमी झोपतो. लहान मुलासाठी तेच बरं. रंग शेवटी पाहावा. दुर्दैवानं सगळे तो आधी पाहतात.

"बेअरिंग आल्यावर लाकडीचे दिवस संपले"

बेअरिंगवाला यो-यो मिनिटंच्या मिनिटं फिरतो, हे खरं. पण स्पर्धेचे अनेक यो-यो झटका देऊन परत येतच नाहीत. दोरी विशिष्ट पद्धतीनं अडकवून त्यांना उठवावं लागतं. आठ वर्षांच्या मुलाच्या हाती असा यो-यो देणं म्हणजे खेळण्यापेक्षा रडणं विकत घेणं. लाकडी यो-यो वेळ कमी देतो, तेव्हा प्रत्येक करामत नेमकी करावी लागते. शिवाय दोरी पकडणाऱ्या दांडीमुळेच काही खेळ जमतात: परतीच्या ऐन क्षणी यो-योला दोरीवर निपचित थांबवायचं आणि मग उलट दिशेनं सोडायचं. हे खेळणारे लोक आज मुद्दाम लाकडाकडे वळलेले आहेत. झिजणाऱ्या दांडीवर तर आधीच उपाय निघाला होता: सॅन फ्रान्सिस्कोतले दंतवैद्य टॉम कुन यांनी 1970 च्या दशकात उघडता येणारा लाकडी यो-यो काढला. दांडी झिजली की बदलता येई.

"यो-यो म्हणजे फिलिपिन्समधलं शिकारीचं हत्यार"

याला भक्कम पुरावा नाही. इसवी सनापूर्वी सुमारे 440 च्या ग्रीक पात्रावर यो-यो खेळणारा मुलगा आहे, आणि राजस्थानातल्या बुंदी-कोटा शैलीच्या सुमारे 1770 च्या एका चित्रात यो-यो खेळणारी स्त्री. दोघांच्या हातात खेळणंच आहे.

"आयएसआय चिन्ह नाही, म्हणजे माल हलका"

1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना हे चिन्ह सक्तीचं आहे. मात्र हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. चिन्ह दिसलं नाही तर खेळणं कुठलं, कोणी बनवलं, एवढं विचारावं.

"दोरी तुटली, खेळ संपला"

क्रोशाचा सुती दोरा घ्या. नायलॉन नको, लाकडावर घासून तापला की तो वितळू शकतो. दोऱ्याचे तीन-चार पदर हव्या त्या लांबीच्या अडीचपट घेऊन एक टोक दाराच्या कडीला बांधा आणि दुसरं टोक पेन्सिलीनं फिरवत भरपूर पीळ द्या. मग मधोमध दुमडा. दोन्ही बाजू आपोआप एकमेकींत गुंफल्या जातात. मोकळ्या टोकांना एक गाठ. दुमडीशी दोन बोटांनी पीळ उलगडला की फास उघडतो, तो एका चकतीवरून घालून दांडीवर सोडायचा. यो-यो जमिनीला टेकवून दोरी मुलाच्या बेंबीपर्यंत धरा, वर चार बोटं जास्तीची ठेवून कापा. त्या टोकाला छोटा फास करून त्यातून दोरीच ओढून घेतली की सरकती गाठ होते. ती मधल्या बोटाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पेराच्या मध्ये. दोरीचे तंतू सुटायला लागले की तुटायची वाट न पाहता बदला. तुटलेल्या दोरीचा यो-यो सुटतो तो सरळ समोरच्या माणसाकडे किंवा शोकेसच्या काचेकडे.