मुंडक्यांच्या गोष्टीत हरवलेला खेळ

फुटबॉलचा 2026 चा विश्वचषक मेक्सिकोच्याही वाट्याला आला आणि माया लोकांच्या चेंडूखेळाची तीच कथा पुन्हा फिरू लागली: जिंकणाऱ्या कर्णधाराचं मुंडकं उडवत! मेक्सिकोतल्या चिचेन इत्सा या माया नगराच्या खेळाच्या मैदानाच्या भिंतीवर शिरच्छेद कोरलाय, मानेतून उसळणारं रक्त सापांच्या रूपात दाखवलंय, हे खरं. पण ते डोकं जिंकणाऱ्याचं की हरणाऱ्याचं, हे तिथे कुठेच लिहिलेलं नाही. शिवाय सुमारे 168 मीटर लांबीचं ते मैदान हाच मुळात अपवाद. बाकीची बहुतेक मैदानं त्याच्यापुढे लहानशीच.

खरी नवलाई आहे चेंडूची. रबराच्या झाडाचा चीक नुसता वाळवला तर ठिसूळ होतो. त्यात रात्री फुलणाऱ्या एका वेलीचा रस घालून ढवळलं की गोळा धरतो. तो कडक व्हायच्या आत हातांनी वळून घ्यायचा, मग तो टणाटण उसळतो. डोरोथी हॉस्लर आणि त्यांच्या एमआयटीतल्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये हे रसायन उलगडून दाखवलं. मेक्सिकोतल्या एल मनातीच्या दलदलीत सापडलेले रबरी चेंडू इ.स.पू. 1600 च्या सुमाराचे, म्हणजे माया नगरांच्याही आधीचे. रबर टिकाऊ करण्याची गुडइयरची पद्धत आली ती 1839 मध्ये!

असा भरीव, जड चेंडू कमरेने टोलवायचा. पण मैदानावर खेळापलीकडेही बरंच घडे. 'पोपोल वुह' या कीचे माया ग्रंथातले जुळे भाऊ पाताळाच्या देवांशी हाच खेळ खेळतात आणि अखेर त्यांना नमवतात. त्यामुळे मैदान बांधणं हे राजाच्या प्रतिष्ठेचं काम. कोपान या माया नगराच्या तेराव्या राजाने 738 मध्ये नवं मैदान थाटलं आणि त्याच वर्षी किरिगुआ नगराच्या मांडलिकाने त्याला पकडून त्याचा शिरच्छेद केला. ही राजकारणातली हत्या होती, सामन्याचा निकाल नव्हे.

या खेळातल्या गावकीचा पुरावा मात्र खरकट्या भांड्यांत आहे. होंडुरासमधल्या मैदानांलगत पुरातत्त्वज्ञ जॉन फॉक्स यांना जेवणावळींच्या खुणा सापडल्या. सामन्याच्या निमित्ताने यजमान पंगती घालत, शेजारच्या वस्त्यांशी सोयरीक-सलोखा जुळवत, आपला मोठेपणाही मिरवत. माझ्या मते या खेळाचं मर्म इथे आहे. बळी दिले जात, हे नाकारायचं कारण नाही. पण सगळा खेळ त्यातच कोंबणं हा माया समाजावर अन्याय आहे.

मेक्सिकोला जाणाऱ्यांनी चिचेन इत्सा जरूर पाहावं, पण कोबाचं लहान मैदान चुकवू नये.