मोठ्या साखळी-दुकानांचा धंदा व आपला माल

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचें कोणी ना कोणी एके काळीं मुंबईस गिरणींत होतें. त्यामुळें डिलाईल रोड हें नांव कोंकणांत व घांटावर सारखेंच परिचित आहे. त्या रस्त्यास आज कामगारपुढारी ना. म. जोशी यांचें नांव आहे, तरी जुनें नांव लोकांच्या तोंडून गेलेलें नाहीं. ज्या मोठ्या दुकानांत हल्लीं आपली डाळ, तांदूळ व गूळ विकला जातो, त्यांच्या इतिहासाचा एक धागा याच गिरणगांवांतून निघतो. तो समजून घेतल्यास माल देतांना काय विचारावें हेंही कळेल.

गिरणीचा पगार महिन्यानें होई आणि चूल तर रोज पेटवावी लागे. मधले दिवस वाण्याच्या वहीवर निघत. उधारीच्या मालाचा भाव रोखीच्या भावाहून चढा असावयाचाच. वाण्यासही कोणी पैसा फुकट देत नव्हता. यावरचा उपाय इंग्लंडांतील रॉचडेल येथील अठ्ठावीस कामकऱ्यांनीं १८४४ सालीं दाखविला होता. त्यांनीं भांडवल गोळा करून स्वतःचें दुकान काढलें, उधारी बंद ठेविली व नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणांत वांटला. त्यांत कांहीं विणकरही होते. आपल्याकडे १९४८ सालीं डिलाईल रोडपासून फार दूर नसलेल्या नायगांवांत कामगारांची ग्राहक सहकारी संस्था उभी राहिली. तिचें पूर्ण नांव मुंबई कामगार मध्यवर्ती ग्राहक सहकारी संस्था. पण लोक तिला ‘अपना बाजार’ म्हणूनच ओळखतात. १९६८ सालीं तिनें नायगांवांत धान्यापासून कापडापर्यंत सर्व माल एका छपराखालीं विकणारें मोठें दुकान उघडलें.

१८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगारांचा पगार थांबला आणि पुष्कळांचा पुन्हां सुरूच झाला नाहीं. पुढें गिरण्यांच्या जागीं कचेऱ्या व बाजार उठले. डिलाईल रोडवरून रेल्वेचा पूल ओलांडला कीं पलीकडे फिनिक्स मिल लागते. तिच्या आवारांत किशोर बियाणी यांच्या ‘बिग बझार’चें दुकान निघालें. ही साखळी २००१ सालीं सुरू झाली व झपाट्यानें देशभर पसरली. जागा बहुतेक भाड्याच्या आणि वाढ कर्जाच्या बळावर, असा तो कारभार होता. भाडें थकलें, कर्ज फिटेना, आणि २०२२ सालीं मूळ कंपनीचें प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखालीं गेलें.

दुसऱ्या साखळीची गोष्ट निराळी आहे. शेअरबाजारांतील व्यापारी राधाकिशन दमाणी यांनीं स्वतःची दुकानें काढण्यापूर्वीं नवी मुंबईंत नेरूळ येथें ‘अपना बाजार’चेंच एक दुकान चालवावयास घेतलें होतें. ती पद्धत त्यांच्या मनास पटली नाहीं. पण दुकानदारीचा धडा तेथें मिळाला. २००२ सालीं त्यांनीं पवईस ‘डी-मार्ट’चें पहिलें दुकान उघडलें. मार्च २०२४ अखेर दुकानें ३६५ झालीं होतीं. त्यांपैकीं बहुतेक मालकीच्या किंवा दीर्घ मुदतीच्या पट्ट्याच्या जागेंत आहेत. २०२३-२४ सालची विक्री सुमारें ४९,५०० कोटी रुपयांची. तींत शंभर रुपयांमागें निव्वळ नफा पांच-साडेपांच रुपयेच.

एवढ्या थोड्या नफ्यावर धंदा परवडतो कसा? हिशेब सोपा आहे. एका दुकानदारानें १,००० रुपयांचा माल भरला, तो वर्षांत एकदांच विकला व शेंकडा २० नफा घेतला, तर मिळाले २०० रुपये. दुसऱ्यानें शेंकडा ५ च घेतला, पण तेंच भांडवल वर्षांत बारा वेळां फिरविलें, तर मिळाले ६००. स्वस्त विकणें हा येथें परोपकार नव्हे. माल लवकर हालावा म्हणून केलेली ती योजना आहे.

आतां आपल्या कामाची गोष्ट. माल तीस दिवसांत विकून दुकानानें आपले पैसे साठ दिवसांनीं दिले, तर मधले तीस दिवस आपल्या पैशावर त्याचा धंदा चालतो. म्हणजे जुन्या वाण्याची वही उलटी झाली. उधारी देणारे आपण. ‘डी-मार्ट’ पुरवठादारांस आठ-दहा दिवसांत पैसे चुकते करतें व त्याबद्दल भावांत सूट मागतें, असें व्यापारांत सर्वश्रुत आहे. ही सूट पुष्कळदां परवडते. एक लक्ष रुपयांची डाळ दिली व पैसे साठ दिवस अडकले, तर दरसाल शेंकडा १२ दरानें सुमारें २,००० रुपये व्याज बुडालें. म्हणून दोन खरेदीदार आले तर भावाबरोबर पैसे किती दिवसांनीं मिळणार हेंही विचारावें, आणि दोन्ही गोष्टी लेखीं घ्याव्यात. परत पाठविलेल्या मालाचा व वाहतुकीचा खर्च कोणावर, हेंही त्याच कागदांत यावें. घासाघीस भावावर होते आणि तोटा बहुधा या कलमांत होतो.

ज्यांनीं उत्पादक कंपनी काढून डाळ-गिरणी चालविली आहे, त्यांनीं तिची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी करून घ्यावी. २००६ च्या कायद्याप्रमाणें अशा उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवसांत देणें खरीददारावर बंधनकारक आहे. त्यापुढें व्याज लागूं होतें. करार लेखी नसेल तर ही मुदत पंधराच दिवसांची आहे.